मागची बाजू

हळदोण्याहून फोन आला तेव्हा मी दुकानात
एका रिमोटची बटणं टूथब्रशनं घासत होतो.
"व्हीसीआर जोडून देशील, बाब? पैसे देते."
व्हीसीआर!
हा शब्द मी शेवटचा उच्चारला
तेव्हा माझे केस काळे होते.

तरी गेलो. पिशवीत स्पिरिट, कापूस,
तीन रंगांची केबल.
क्लॉडिनाबायनं वरचं क्रोशाचं आच्छादन उचललं
तसं अख्खं बहारीन समोर आलं,
लांबरुंद, चंदेरी, शिशासारखं जड.

कॅसेटला बुरशी.
आमच्या हवेत ती वहाणांनाही लागते,
हिला का सोडील.
बल्कांवात बसून वीत वीत फीत
कापसातून ओढली. पांढरी पूड विजारीवर.
दीड तास.
मध्ये तिनं पेज आणून दिली, तोराच्या लोणच्याची फोड तीत बुडवून.

प्लग लावायला पॉईंट उरला नव्हता.
शेवटी आल्ताराचा लाल दिवा काढला तिनं,
सायबिणीकडे बघत पुटपुटली, "धाच मिनटां."
मशीन घरघरलं. त्याच्या घड्याळात बारा वाजले
आणि वाजतच राहिले.

पिवळी पिवळ्यात. पांढरी पांढऱ्यात.
लाल नुसती लोंबकळत; मोनो मशीनला तिचं काय काम.

निळा पडदा. मुंग्या.
मग तिरक्या रेघांतून एक माणूस,
बनियनवर, खाटेवर बसलेला,
मांडीवर हाच व्हीसीआर पालथा धरून:
"हें पळे, क्लॉडिना. हो अँटेनाचो बुराक.
हांगा वायर घाल. मागीर छत्तीस नंबर लाव."

म्हणजे व्हीसीआर कसा जोडायचा
हे त्यानं कॅसेटवर भरून पाठवलं होतं!
"तेन्ना सगळो वाडो हांसलो," ती म्हणाली.
पाद्रीच्या भाच्यानं जोडून दिला होता,
मग हे लागलं.
हसायला मीही तोंड उघडलं होतं.

"आतां टीव्हीच्या फाटल्यान वच," तो म्हणाला.
"हांव रावतां."
आणि खरंच थांबला.
हात गुडघ्यांवर, डोळे आमच्याकडे,
तिथल्या कुठल्याशा पंख्याचा कटकट आवाज.

क्लॉडिनाबाय उठली.
नवा टीव्ही भिंतीला ठोकलेला,
मागे जेमतेम चार बोटांची फट.
तिनं गाल भिंतीला टेकवला
आणि आत बघितलं.