ताबा

जंगीपूरच्या कोर्टात साक्ष द्यायला उभा राहिलो
तेव्हा मला पहिल्यांदा कळलं,
मी लिहिलेल्या कागदात काय लिहायचं राहिलं होतं.

मी मोहरीर. आबुल हायात.
एकतीस वर्षं पत्र्याच्या छपराखाली बसून
लोकांची वाक्यं त्यांच्यापेक्षा नीट करून देतो.
गुलनाहार बेवा आली त्या दिवशी
स्टॅम्पपेपर संपले होते. ती म्हणाली,
साध्यावरच लिही, बाबा. अल्लाला वाचता येतं.
लिहिलं मी: अडीच काठे जागा, विटांच्या दोन खोल्या,
हातपंप, फणसाचं एक झाड फळांसकट,
बहिणीची मुलगी तहमिना, हिला हेबा करते,
राजीखुशीनं, शुद्धीत, मोबदला न घेता.
‘फळांसकट’ तिनं मुद्दाम घालायला लावलं.
अंगठा. साक्षीदार दोन, एक न्हावी, एक मी.
वीस रुपये.

ती गेली. चाळिसावा व्हायच्या आत
भावाचा मुलगा बदरुद्दोजा केरळातून आला,
तिथं तो लोकांच्या घरांत फरश्या बसवतो.
त्याचे वकील सान्यालबाबू
माझा कागद दोन बोटांत धरून दाखवतात,
मेलेली पाल धरावी तसा.
नोंदणी? नाही. शिक्का? नाही.
म्हातारी मरेपर्यंत त्याच घरात जेवत होती ना?
मग दिलं काय?

जज मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या,
नोंदणीचं राहू द्या, हेब्याला तोंडचा शब्दही चालतो.
तिनं दिलं म्हटलं, हिनं घेतलं म्हटलं, इथवर ठीक.
ताबा दिला का?

तेव्हा मी ती रात्र सांगितली.
द्यायचं तर रिकामं करून द्यावं, असं तिनं कुठंतरी ऐकलेलं.
पानाचा डबा घेतला, एक उशी घेतली,
किल्ली तहमिनाच्या हातात ठेवली,
विड्या वळून कायमच्या पिवळ्या झालेल्या बोटांत,
आणि निघाली. समोर, माझ्याकडे झोपायला.
झोपली कसली, खिडकीशी बसून
स्वतःच्या घरातला दिवा बघत राहिली.
मध्यरात्री पुटपुटली, पोरीनं कोंबड्या कोंडल्या नाहीत.
मी म्हटलं, जाऊन सांगा.
म्हणाली, मी कोण सांगणारी?

पहाटे तिनं कडी वाजवली,
आपल्याच दाराची कडी,
जिचा आवाज पंचावन्न वर्षं फक्त आतून ऐकला होता.
येऊ का गं आत?
तहमिनाला रडू फुटलं. खाला, असं काय विचारता.
नाही, नीट सांग. शेजाऱ्यांना ऐकू दे.
या, म्हणाली पोरगी.
मग गुलनाहारनं चपला काढल्या,
पाहुण्यासारख्या, उंबऱ्याबाहेर, जोडीनं.
पुढं अकरा वर्षं रोज तिथंच काढल्या.
कोंबड्यांबद्दल मात्र त्याच सकाळी बोलली.

चपला हा पुरावा नव्हे, सान्यालबाबू म्हणाले.
टायपिस्टनं मान वर केली. चपला लिहू का?
लिहा, मॅडम म्हणाल्या.

पुढची तारीख ईदनंतरची.
संध्याकाळी घरी आलो.
माझं घर थोरल्याच्या नावे केलंय,
रजिस्टर्ड, मुद्रांक भरून, फोटो, दहाही बोटांचे ठसे.
मीच लिहिलंय, कुठंही खोट नाही.
दारात जरा थांबलो. कडी हातात घेतली.
आतून सून म्हणाली,
कोण आहे?