पालकांची सही

दर शुक्रवारी तिसऱ्या तासानंतर
मी मुलांच्या रोजनिशा गोळा करते.
उजव्या पानाच्या तळाशी एक चौकट असते :
पालकांची सही.
आमच्या मोल्दोवात हा नियम माझ्या आईच्या लहानपणापासूनचा.
तेव्हा आईबाप द्राक्षमळ्यातून परतायचे,
सही थोडी मळायची, एवढंच.

ओलेस्याची आई बोलोन्यात असते.
परक्या म्हातारीला उठवते, बसवते,
गोळ्या मोजते, सकाळच्या, दुपारच्या, निजतानाच्या.
बाप मॉस्कोजवळ कुठेतरी फरशा बसवतो.
'कुठेतरी' हा ओलेस्याचा शब्द.
घरात ती आणि धाकटा इलिए,
आणि कुंपणापलीकडच्या अग्रिपिनाबाई,
रात्री दिवा लागला का, एवढं बघणाऱ्या.

तरी दर शुक्रवारी सही हजर :
लिलिया चेबान.

पाचवीत पहिलं अक्षर कलंडलेलं होतं,
शेवटचं ओळीखाली घसरलेलं,
मध्ये खोडरबराचा धुरकट डाग.
सही कुणी खोडून पुन्हा काढतं का?
सहावीत तिला वळण आलं.
आठवीत शेवटाला एक फराटा फुटला,
मोठ्या माणसांचा, घाईतल्या माणसांचा.
ओलेस्याची आई अशी चार वर्षं
माझ्या डोळ्यांदेखत मोठी होत गेली.

मी बोलले नाही.
बोलून सही कुठून आणणार होते?

ऑक्टोबरात मुलं अक्रोड सोलायला जातात.
अर्धे बाक रिकामे.
हिरव्या सालीनं बोटं काळवंडतात,
दोन आठवडे साबणाला दाद देत नाहीत.
इलिएच्या वहीत गुणाकार सगळे बरोबर
आणि प्रत्येक उत्तराशेजारी तपकिरी अंगठा.

रविवारी चर्चपुढे इटलीची व्हॅन येते.
चौकोनी थैल्या, चिकटपट्टीवर नावं,
कॉफी, पास्ता, आणि बूट, एक तर मोठे नाहीतर लहान.
आईला मागच्या वर्षीचा पाय ठाऊक असतो,
पुढचं ती अंदाजानं घेते.
एकदा टॅबलेट आला.
ओलेस्यानं त्यावर आईला अपूर्णांक दाखवले.
छान, म्हणाली आई,
तेवढ्यात पलीकडे म्हातारीची घंटा वाजली,
आणि उदाहरण कितीतरी वेळ
बोलोन्यातल्या एका छताला सोडवून दाखवलं जात राहिलं.

यंदा जूनमध्ये लिलिया आली. अकरा दिवस.
नववी संपली होती,
शहरातल्या शाळेचा, वसतिगृहाचा अर्ज भरायचा होता.
ती ऑफिसात खुर्चीच्या कडेवर बसली,
नखं अगदी बारीक कापलेली,
आणि सही केली : आखूड, थकलेली,
शेवटाला फराटा नाही.

कारकून बाईंनी चष्मा लावला.
रोजनिशी उघडून शेजारी धरली.
म्हणाल्या, ही जुळत नाही.

लिलियाने एकेक पान उलटलं.
पाचवी. सहावी. सातवी.
काहीतरी वाचावं तशी
स्वतःचं नाव वाचत गेली.
ओलेस्या खिडकीबाहेर बघत होती,
तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, मला माहीत आहे,
फक्त घंटेचा खांब आहे.

मी म्हटलं, घ्या अर्ज.
सही पालकांचीच आहे.
कुठली, ते बाईंनी विचारलं नाही.

ओलेस्या आता शहरात असते.
शनिवारी येते, चादरी धुते, इलिएची शिकवणी घेते.
पण वह्या मी शुक्रवारी गोळा करते.

आज इलिएची उघडली.
लिलिया चेबान.
पहिलं अक्षर कलंडलेलं,
शेवटचं ओळीखाली घसरलेलं,
कोपऱ्यात अक्रोडाचा अंगठा.

मी लाल पेन काढलं,
टोपण लावलं,
पान उलटलं.