रात्रीची लाइन

हस्त कोरडाच गेला. चित्राने दोन दिवस धुतलं.
आता मोटर लावायची गरज नाही,
तरी पावणेदोनला डोळे उघडतात.
आमच्या फीडरला हा आठवडा रात्रीची लाइन,
अंगाला कोण सांगणार पाऊस झाला म्हणून?

"कथा चालनात?" झुंबरने कुशीवरूनच विचारलं.
"काय शे तठे आते?"
मी बॅटरी घेतली.

आषाढात अंजनीच्या काठापर्यंत बेडूक होते,
इतके, की बांधावरची हाक विहिरीपाशी पोचायची नाही.
आज एकच. तोही थांबून थांबून,
लग्न उरकल्यावर मांडवात राहिलेल्या
पाहुण्यासारखा.

कपाशीची बोंडं भिजून लोंबतायत, त्याचं बोलत नाही.
बोंडांखाली उजेड टाकला,
ढेकळाढेकळावर हिरवट दव.
मग एक थेंब चालू लागला.
कोळी होते. सगळं रान डोळे उघडून बसलं होतं.

निंबाच्या फांदीवर मोर. पिसारा गळून गेलेला,
कुठल्याही कोंबड्यासारखा.
मी उजेड लगेच खाली घेतला.

दादरीतून रोह्यांचा कळप येऊन गेला होता.
खुराखुरात पाणी,
आणि एका खुरात नखाएवढं बेडकाचं पिल्लू,
शेपटीचा बुंधा अजून न टाकलेलं,
आख्ख्या तळ्याचं मालक.

स्टार्टरची पेटी उघडली तर आत कात.
तीन वळसे, डोळ्यांच्या चकत्यांसकट.
गेल्या सोमवारी मी इथेच हात घातला होता
अंधारात, बॅटरी दातांत धरून.
धुडकू म्हणेल, धामण.
धुडकू सगळ्यालाच धामण म्हणतो,
म्हणून तर माणसं रात्री कामाला येतात.

दोनला लाइन आली. लाल दिवा लागला.
बटण दाबलं नाही.
कात खिशात ठेवली, मग काढून
होती तशी परत ठेवली.

बसून राहिलो थारोळ्याच्या कठड्यावर, उगाच,
गार लागेपर्यंत. पुष्कळ वेळ गेला असावा,
कारण कठड्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी उतरलं
आणि दिसत होतं.
राखी पाठ, पांढरं तोंड, शेपटीचं वरखाली.
कुठल्या मुलखातून येतो, मास्तरांनी सांगितलं होतं,
नकाशात बोट ठेवून. विसरलो.
दमलेला वाटला नाही.
पाण्याला चोच लावली, माझ्याकडे पाहिलं,
जसं काही मीच नवा.

झुंबर चुलीपाशी होती.
"काय व्हतं?"
"परीट उना."
"मंग गोधड्या काढस मी," ती म्हणाली,
आणि फुंकणी खाली ठेवली.