न वाजवायची ओळ

परळीत खिडकी उघडी राहिली
की संध्याकाळपर्यंत की-बोर्डवर राख बसते,
थर्मलची, मऊ, तळहाताला कळतही नाही अशी.
मी फुंकर मारते आणि पहिली ओळ लिहिते:
ऐक.

मसाजी उफाडे नागापूरहून सातच्या एसटीनं येतात.
चपला दाराबाहेर काढतात, नको म्हटलं तरी.
हलगी खताच्या पिशवीत.
माईककडं बघून म्हणाले, "ह्याचा कान कुठंय?"
दाखवला. हरभऱ्याएवढा.

पहिला महिनाभर यंत्र प्रत्येक ठोक्याला उत्तर द्यायचं.
कडक् म्हटलं की कडक्.
मसाजींनी थोडा वेळ ऐकलं, टिपरू खाली ठेवलं.
"पोपट हाय बाई हे. आन् जरा मागं यायलंय."
मोजलं. एकोणीस मिलिसेकंद.
त्यांना ती फट नुसती ऐकू आली,
मला आलेख काढावा लागला.

मग त्याला अंदाज शिकवला.
चाळीस तासांचं रेकॉर्डिंग घातलं:
जावळं, वराती, देवीचा छबिना,
आणि एक मयत, जिला ते आधी नको म्हणाले होते
आणि मग, दोन दिवसांनी, फोनवर, घाला म्हणाले.
आता ते ठोक्याच्या आधीच पोचायला लागलं.
मी खूश. मसाजी नाही.
"म्या काय वाजवनार ते मलाच ठावं न्हाई अजून.
ह्याला कामून म्हाईत?"

हलगी थंडावली की शेकायची.
क्वार्टरमागं त्यांनी पाचट पेटवलं.
लांब वायर ओढून माईक मी तिथंच ठेवला होता.
एक काटकी तडकली
आणि घरातल्या स्पीकरमधून यंत्रानं तिला उत्तर दिलं.
विस्तवाला!
मी हसले.
ते हलगीचं कातडं जाळावर फिरवत राहिले,
बोटानं टिचकी मारून बघत,
पुन्हा फिरवत.

जेवताना लेकाचं निघालं.
लातूरला दवाखान्यात नर्स आहे,
हातात हलगी दिसली तर गावात येणार नाही म्हणतो.
"त्याचं काय चुकत न्हाई.
मव्हा बाप अंगात ताप आसून
पाटलाच्या मयतीपुढं वाजवत गेला.
वाजीव म्हनलं की वाजवायचं.
न्हाई म्हनायची सोय नव्हती."
भाकरीचा तुकडा ठेच्यावर तसाच थांबला.
"तुमच्या ह्या डब्याला हाय का?"

नव्हती.
साडेचार हजार ओळींत कुठंच नव्हती.
ऐकू आलं नाही म्हणून गप्प, एवढं त्याला यायचं.
ऐकू येऊन गप्प
हे कसं लिहायचं,
कोणत्या आकड्याच्या खाली, कोणत्या अटीत?
अकरा रात्री गेल्या. दोनदा लाईट गेली,
वीज जिथं तयार होते त्या गावात.
शेवटी लिहिलं ते लहानच होतं,
आणि ते चालेल की नाही
हे मला शेवटपर्यंत सांगता येत नव्हतं.

अंबाजोगाईला कॉलेजच्या हॉलमध्ये
मसाजी उभे राहिले. धोतर नवं, कडक.
वाजवायला लागले.
यंत्र गप्प.
चार मिनिटं. पाच.
साउंडवाला खलील मागून कुजबुजला,
"मॅडम, हँग झालं वाटतं."
माझा हात माऊसवर होता. तो मी मांडीखाली घातला.

मसाजींनी मधेच जागा सोडली.
ती तशीच राहू दिली त्यानं.
पुन्हा वाजवलं, पुन्हा सोडली.
पुढं कधीतरी डाव्या हातातली काडी घसरली,
ठोका अर्धाच पडला,
कुणालाही कळला नसता,
आणि तेवढ्या अर्ध्याला
स्पीकरमधून बारीक, कोरडा
एकच ठोका आला.

मसाजींनी मान वळवून
त्या डब्याकडं पाहिलं,
जोडीदाराकडं पाहावं तसं,
नीट, ओळख लागेपर्यंत.

एसटी स्टँडवर पिशवीचं तोंड बांधताना म्हणाले,
"फुडच्या टायमाला त्याला सुरू करू द्या.
म्या बगतो,
मला वाजवू वाटतंय का."