पोर्ट एकशे तेवीस

तक्रार मढवींची होती, घणसोलीगावच्या.
कागदावर मुलीचा जन्म सोमवारी, रात्री अकरा त्रेपन्नला.
"मॅडम, मी दाराबाहेर उभा होतो.
भिंतीवरचं घड्याळ बाराच्या पुढे गेलेलं,
चार मिनिटं. मोजली मी.
दुसरं काय करणार होतो?"

महाप्याला, एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर
मी एप्रिलमध्ये स्वेटर घालून बसते.
बाहेर पारसिकचा डोंगर दिवसभराची धग सोडतोय,
शिळफाट्याकडे ट्रेलर चाललेत,
आत अठरा अंश आणि पंख्यांची घरघर.

आधी हसू आलं.
बाप माणूस, डोळ्याला डोळा नाही, बघण्यात चुकलं असेल.
ते घड्याळ म्हणजे एका सेलवर चालणारं,
औषध कंपनीनं फुकट दिलेलं.
आणि इकडे माझे दोन सर्व्हर,
जुळे, एकाच दिवशी रॅकमध्ये बसवलेले.
एकाला विचारलं, वेळ काय. मग दुसऱ्याला.
मिलिसेकंदाचा फरक नाही.
इतकं एकमत बघून खरं तर तेव्हाच बिचकायला हवं होतं.

मग मनगट पाहिलं.

अकरा मिनिटं.

यादी उघडली. बाहेरची चार नावं,
ज्यांना वेळ विचारायची असते,
जे त्यांच्याहून वरच्यांना विचारतात,
आणि सगळ्यांच्या वर कुठेतरी एक अणू थरथरत असतो.
चौघांपुढे शून्य.
म्हणजे शेवटच्या आठ हाकांपैकी एकीलाही ओ नाही.
जुळ्यापुढे मात्र तीनशे सत्याहत्तर,
आठही हाकांना ओ.
आणि खाली कुणीतरी, केव्हाच नोकरी सोडून गेलेल्यानं,
लिहून ठेवलेली ओळ:
बाहेरून कुणीच बोललं नाही
तर स्वतःवर विश्वास ठेव.

गणपतीच्या सुट्टीआधीचा शुक्रवार.
फायरवॉलचे जुने नियम झाडताना
बेंजामिननं बिनकामाची दारं लावून घेतली,
त्यात एकशे तेवीस नंबरचंही गेलं.
त्याला काय बोलणार,
मंजुरीच्या रकान्यात सही माझी आहे.

तेव्हापासून हे दोघे एकमेकांनाच विचारत बसले.
बरोबर आहे ना रे?
बरोबर आहे.
रोज तीन सेकंद मागे, हातात हात घालून, सात महिने.
एकदाही लाल दिवा लागला नाही.

दार उघडायला एक ओळ पुरली.
घोळ पुढे होता.
हळूहळू सरकवायचं तर पंधरा दिवस, अख्खा एक पक्ष,
प्रत्येक सेकंद केसभर आखूड करत न्यायचा.
तोवर जन्मणाऱ्यांनी कुठल्या वेळेत जन्मायचं?
नाहीतर एकदम उडी.
ज्योत्स्ना सिस्टरना फोन लावला.
"आत्ता कुणाचं इंजेक्शन आहे?"
"दोन बेड. मी कागदावर लिहून घेते.
मारा तुम्ही उडी."

तीन चाळीसनंतर तीन एक्कावन्न झाले.
मधल्या अकरा मिनिटांत त्या रुग्णालयात
कुणी जन्मलं नाही, कुणाचा ताप चढला नाही,
कुणी पाणी मागितलं नाही.

मग जन्मनोंदी चाळल्या, दर दिवसाचा फरक वेगळा काढून.
मध्यरात्रीच्या अलीकडे अडकलेली पाच बाळं,
ज्यांचा वार मी बदलून ठेवला होता.
नावं नाहीत, नुसतं
बेबी ऑफ तेजल मढवी, बेबी ऑफ शाहीन, बेबी ऑफ.
दुरुस्ती माझ्या हातात नाही,
त्याला अर्ज, शपथपत्र, महापालिका.
मी पत्र लिहिलं. खाली माझं नाव टाकलं,
बेंजामिनचं नाही.

सकाळी मढवींना सांगितलं,
मंगळवार, बारा चार. तुमचंच बरोबर होतं.
तिकडे जरा वेळ कुकरची शिटी तेवढी.
"आईनं कागदावरच्या वेळेवरून पत्रिका काढली हो.
अक्षर आलं, बारसंही झालं."
मग?
"मग काय. नाव राहू द्या.
वेळ तेवढी नीट करा."

त्या भिंतीवरच्या घड्याळाचं
मी सिस्टरना विचारलंच होतं, रात्री, फोन ठेवता ठेवता.
रत्नप्रभा मावशी लावतात, म्हणाल्या.
ड्युटीवर आल्या की आधी मोबाइल बघतात
आणि स्टुलावर चढतात,
चुकलेलं असो नसो.