बदली

मढवीकाका बत्तीस वर्षं टोप्यांच्या खात्यात होते.
काडतुसाच्या बुडाशी असते ती टोपी,
मसुराएवढी, चिमटीत हरवणारी.
अजूनही चमचा खाली ठेवतात तो आवाज न करता.

परवा कळव्याला, त्यांच्या गॅलरीत,
यशोधन आला. क्लबातला नेमबाज.
खिशात रिकाम्या पुंगळ्या
आणि भलत्याच बंदुकीच्या टोप्यांची डबी.
"आपल्या मिळत नाहीयेत, काका.
मापाला ह्याही बसतात. चालतील ना?"

काकांनी झाकणसुद्धा उघडलं नाही.
"बसतं ते चालतं असं नसतं रे.
तुझ्या आजोबांचा चष्मा मला बसतो;
तो घालून खाडीपूल ओलांडू?"

यशोधन हसला.
काका नाही.

"एकोणनव्वद साल. बहिणीच्या हळदीला मी रजेवर,
माझ्या जागी बदली कामगार.
उंची तीच. माझाच एप्रन, माझेच बूट,
बोटभरही सैल नाहीत.
फक्त हात माझे नव्हते."

मग बराच वेळ
खालून भंगारवाल्याची हाक तेवढी.

"त्याचा डबा," काका म्हणाले,
"मी परतलो तेव्हा माझ्याच खुंटीला होता.
जड होता."

डबी त्यांनी यशोधनच्या हातात दिली नाही,
ओंजळ करायला लावली.