चावीवाला

पहाटे चार पंचवीसला असल्फ्याच्या चढावर
मी चावी लावतो. पाच फुटी, लोखंडी.
चौदा फेरे डावीकडे,
मग वाकून ऐकतो
डांबराखाली पाणी सरकल्याचा आवाज.
सत्तावीस वर्षं झाली.
कुठल्या गल्लीला प्रेशर किती, गळती कुठे,
कुणाची मोटर चोरून ओढते,
झोपेतून उठवून विचारा.

म्हणून डॉक्टर मिस्किटा बाईंनी
कागदावर नळी काढली, म्हणाल्या,
"खराडे, साखरेनं ही आतून अशी होते, रक्त पोचत नाही,"
तेव्हा मी म्हणालो, कळलं, पुढचं सांगा.
इतकं पटकन कळायला नको होतं.

त्यांनी दोन नावं लिहिली.
सिल्डेनाफिल. तासभर आधी, पोट हलकं ठेवून,
असर चार-पाच तास.
वर मटणबिटण झालं असेल तर उशिरा.
टाडालाफिल. दीड दिवस टिकते,
जेवणाशी तिचं भांडण नाही.
नाहीतर तिचीच लहान गोळी, रोज.
"रोज?"
"रोज. म्हणजे आठवत बसायला नको."
डोकं धरेल, चेहरा तापेल,
पहिलीनं क्वचित जग निळसर दिसेल,
दुसरीनं कंबर बोलेल.
"छातीत कधी दुखलंय? जिभेखालची गोळी घेता?
घेत असाल तर दोन्ही बाद, हे जीवावरचं आहे."
"छे," मी म्हणालो.
बाईंसमोर एका दिवसात किती कबूल करायचं.

केमिस्टकडे गेलो नाही. तिथं गल्ल्यावर सुजितचा मित्र असतो.
पुलाखाली उभा राहून हिशेब केला.
दीड खोली. सुजितची रात्रपाळी आठवड्याआड,
सूनबाई माहेरी कधी जाते ते तिलाही ठाऊक नसतं.
चार तासांची घ्यावी
आणि नेमकी कुणी बेल वाजवावी, गेली फुकट.
दीड दिवसाची घ्यावी
तर दीड दिवस नुसतं बसायचं,
टाकी भरलेली, नळ बंद,
आणि सुनेनं विचारायचं, बाबा, चहा ठेवू?

कागद ड्युटीच्या डायरीत ठेवला होता.
कुंदाला सापडला.
तिनं चष्मा लावून सावकाश वाचला, हसली नाही.
म्हणाली, "मागल्या शिमग्याचं सांगितलंत?"
"ती अ‍ॅसिडिटी होती."
"व्हॉल्व्ह अर्धा सोडून रस्त्यावर बसला होतात.
तावड्यांनी रिक्षात घातलं,
त्यांच्या वडिलांची गोळी जिभेखाली ठेवली.
पट्टी अजून तुमच्या पाकिटात आहे. अ‍ॅसिडिटी म्हणे."

मग डाळीचा डबा उगाच उघडून मिटला
आणि पाठमोरीच बोलली,
"तीन वर्षं मला वाटत होतं, मीच जुनी झाले."

सत्तावीस वर्षं जमिनीखालची गळती ऐकतोय मी.
ही ऐकू आली नव्हती.

शुक्रवारी ती बरोबर आली.
मला छातीभर तारा लावून पट्ट्यावर चालवलं,
आधी सपाटीवर, मग चढावर.
चढाची सवय आहे, म्हटलं, पण आवाज फुटला नाही.
काचेपलीकडे कुंदा उभी,
हातात माझं घड्याळ, चष्मा, पट्टा.

बाईंनी आलेख दोनदा पाहिला.
"ठीक आहे. पण खोटं बोललात.
ती पट्टी इथे टेबलावर ठेवा.
आणि पुन्हा तशी कळ आली तर थेट हॉस्पिटल,
तिथे आधी सांगायचं, ही गोळी चालू आहे म्हणून.
आता बोला, कुठली?"
खुर्च्या दोन होत्या. मी तोंड उघडणार
तोच कुंदा म्हणाली,
"वेळ लावलेली नको, डॉक्टर.
जन्म गेला वेळेवर हंडे भरण्यात."
बाईंनी मान खाली घालून लिहिलं,
रोज एक, लहान. महिनाभर बघू.
"महिन्याला किती पडेल?" कुंदानं विचारलं,
भाजीचा भाव विचारावा तसं.

जिना उतरताना
तिनं चष्मा दिला, पट्टा दिला.
घड्याळ तिच्याच मुठीत राहिलं.
मीही मागितलं नाही.